निळं सीताफळ

माझ्या विहीणबाईंना अजून वाटतं की मी भिंती रंगवते. लेकीचं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तरी दर दिवाळीला त्या विचारतात, "ताई, यंदा आमच्या हॉलला कोणता कलर बरा दिसेल हो?" सुरुवातीला मी समजावून सांगायचे. आता सांगते, "क्रीम द्या." त्या खूश आणि मी मोकळी.

त्यांचाही काय दोष म्हणा! जालन्यात राहून कोणी परदेशी झाडांची चित्रं हातानं रंगवून पोट भरतं, हे सांगितलं तर पटणार कोणाला? आमच्याकडे लोखंड वितळवतात आणि बियाणं भरतात. सकाळी एमआयडीसीच्या रस्त्याला मोटारसायकलींची रांग लागते, त्यातले निम्मे रोलिंग मिलला जातात, निम्मे बियाण्याच्या प्लांटला. त्या रांगेत स्कूटीवर एक साठी उलटलेली बाई असते आणि तिच्या डिकीत ब्रश असतात. ती मी.

मुळात मीही बियाण्यातलीच. पूर्वी बियाण्याच्या पाकिटावर फोटो नसायचा, हातानं काढलेलं चित्र असायचं. लालबुंद टोमॅटो, पांढरीशुभ्र फुलकोबी, आणि मिरची तर अशी की बघूनच ठसका लागावा. त्या चित्रांच्या खोलीत मी लागले. पुढे कॉम्प्युटर आला, फोटो आले, खोलीला कुलूप लागलं. ती पाकिटं ज्या छापखान्यात छापली जायची त्याचे मालक शरदभाऊ. त्यांनी कुठल्याशा मोठ्या हॉटेलात भिंतीवर जुन्या विलायती धाटणीची झाडांची चित्रं पाहिली, आणि त्यांच्या डोक्यात भूत शिरलं. तशी चित्रं आपण जालन्यात करायची!

काम काय ते आधी सांगून टाकते, म्हणजे तुम्हीही मला क्रीम कलर विचारणार नाही. तांब्याच्या पत्र्यावर अणकुचीदार अवजारानं झाडाच्या रेघा कोरलेल्या असतात. जुन्या काळी साहेब लोक स्वतःच्या देशात न दिसणारी झाडं अशीच कोरून ठेवायचे. शरदभाऊंनी तसे पत्रे नव्यानं कोरून घेतले. पत्र्यावर काळी शाई चोपडायची, वरची पुसून काढायची, रेघांत उरलेली शाई ओलसर जाड कागदावर प्रेसखाली दाबून घ्यायची. कागदावर काळं झाड उतरतं. त्यात रंग भरतो ते आम्ही.

"म्हणजे पोरांच्या कलरिंगच्या वहीसारखं!" असं म्हणणारे नातेवाईक मला आहेत. हो, तसंच. फक्त कागदाला आधी तुरटीचं पाणी द्यावं लागतं, नाहीतर तो रंग पिऊन टाकतो. रंग पाण्याइतका पातळ लागतो, आणि एक हात वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही. आणि एवढं करून खालची कोरलेली रेघ दिसली पाहिजे. रेघ बुडाली की चित्र गेलं. पंखा लावायचा नाही, कारण वाऱ्यानं रंग कडेला डाग धरतो. खिडकी उघडायची नाही, कारण शेजारच्या मिलची काजळी ओल्या रंगावर येऊन बसते. जालन्याचा मे महिना, पंखा बंद, खिडकी बंद! कपाळाचा घाम चित्रावर पडू नये म्हणून मी डोक्याला रुमाल बांधते, तर कुरिअरवाला मला विचारतो, "मावशी, आज जेवणात काय?"

गिऱ्हाइकांचं तर बोलूच नका. पुण्याच्या एक डेकोरेटर मॅडम आहेत. त्यांनी केळीचं चित्र परत पाठवलं आणि सोबत कापडाचा तुकडा. म्हणे केळीचा हिरवा सोफ्याच्या हिरव्याला मॅच होत नाही. मी फोनवर म्हटलं, "मॅडम, केळीनं तुमचा सोफा बघितला नव्हता." त्यांना वाटलं मी विनोद करतेय. खूप हसल्या आणि म्हणाल्या, "प्लीज बघा ना." मग काय, बघितलं. केळीला सोफ्याच्या रंगाची पानं देताना मला जे वाटत होतं ते छापण्यासारखं नाही.

आणि गाजरगवत! होय, तेच ते रस्त्याकडेचं, अंगाला खाज आणणारं. तेही परदेशीच ना. शरदभाऊंनी त्याचाही पत्रा कोरून घेतला होता, आणि खरं सांगते, रंगवायला ते फार अवघड. पांढरं फूल पांढऱ्या कागदावर रंगवता येत नाही, त्याच्या भोवतीचं सगळं रंगवून ते कोरं राखावं लागतं. आमच्याबरोबर रंगवणाऱ्या छायाचा त्यात हातखंडा. संभाजीनगरच्या एका इंजिनिअरनं ते चित्र गावाकडच्या घरासाठी चांगलं महागाचं घेतलं.

थोड्या दिवसांनी दुपारी दारात एक म्हातारबुवा उभे. धोतर, टोपी, आणि काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी. धावड्याहून एसटीनं आल्ते. चादर सोडली तर आमचंच गाजरगवत, फ्रेमसकट.

"बाई, हे तुमी केलं?"

"रंगवलंय आम्ही, काका."

"हे काय हाय, माहीत हाय का?"

"गाजरगवत."

"म्हंजे माहीत असून केलं!" बुवा मटकन खुर्चीतच बसले. "अवो, जन्म गेला माझा हे उपटू उपटू. खाजवू खाजवू हाताची सालटी निघाली. अन् पोरानं ते हॉलमधी टांगलं, वरून त्याच्यावर लाइट सोडला! घरी पाव्हणे येतेत. त्यायले काय सांगू, हे आमचं कुलदैवत हाय?"

मी सांगायला लागले की काका, हे मुळात आपलं नाही, बाहेरच्या देशातून आलेलं आहे.

"आलं कसं ते मला माहीत हाय, गव्हासंगं आलं. जाईल कवा ते सांगा."

मग बुवांनी विचारलं, पऱ्हाटी हाय का? होती. कपाशीचं चित्र त्यांनी उजेडात धरून नीट पाहिलं, बोंडावरून बोट फिरवलं, "हे लावण्यासारखं हाय" म्हणाले आणि तेच चादरीत गुंडाळून घेऊन गेले. संध्याकाळी इंजिनिअरचा फोन आला आणि त्यानं माझं डोकं खाल्लं. शेवटी हॉलमध्ये कपाशी आणि बेडरूममध्ये गाजरगवत अशी तडजोड झाली. गाजरगवत परत पोचवायचा खर्च मात्र आमच्याच बोकांडी बसला.

पण हे सगळे बाहेरचे लोक. त्यांच्यावर चिडून फोन ठेवता येतो. माझ्या जिवाला खरा घोर लावला तो आमच्याच खोलीतल्या माणसानं. कचरूमामांनी.

कचरूमामा केदारखेड्याचे. बियाण्याच्या पाकिटांच्या काळापासून मी त्यांच्या हाताखाली. मामा म्हणायला माझे कोणी लागत नाहीत, पण सगळा जालना त्यांना मामाच म्हणतो. हाताला सोनं आहे, आणि हे त्यांना कोणी सांगावं लागत नाही, ते स्वतःच दिवसातून एकदा सांगतात. सकाळी मी "जयभीम, मामा" म्हणते, ते "राम राम, बाई" म्हणतात, आणि त्यानंतर आमचं भांडण सुरू होतं. लाइटवरून, पाण्याच्या वाटीवरून, खुर्चीवरून.

आता इथे कामाची एक रीत सांगायला पाहिजे, कारण सगळं रामायण तिच्यातूनच झालं. एकाच झाडाच्या पुष्कळ प्रती रंगवायच्या असतात. एक बाई फक्त पानं करते, दुसरी फक्त फुलं, तिसरी देठ आणि फळ. कागद हातोहात पुढे सरकतो. सगळ्या प्रती सारख्या याव्यात म्हणून आधी एक प्रत पूर्ण रंगवून समोर लावतात. तिला नमुना म्हणायचं. नमुना फक्त मामा करतात. आणि एकदा तो समोर लागला की जगात ते झाड कसंही असो, आपल्याला ते नमुन्यासारखं करायचं. "नमुन्याशी वाद न्हाई," हे मामांचं वाक्य. मी नवीन असताना मी एकदा टोमॅटोचा देठ माझ्या मनानं जरा पोपटी केला होता, तर त्यांनी ब्रशच्या दांडीनं माझ्या बोटांवर टिचकी मारली होती. रीत चुकीची नाही. प्रत्येकीनं आपल्या डोळ्यानं रंगवायचं ठरवलं तर एका झाडाची शंभर झाडं होतील.

तर, गेल्या काही वर्षांत मामांची कुरकूर वाढली. रंग चांगला येत नाही म्हणे. "आजकाल रंगात दमच न्हाई राह्यला, बाई. कंपनीवाले भेसळ करून राह्यले. पिवळा तर निस्ता पाणी. निळा किती बी घाला, चढतच न्हाई." मी दुकान बदललं. दुकानदाराशी भांडले. महागातला रंग मागवला, त्यातही भेसळ निघाली. मग ट्यूबलाइटचा दोष निघाला, ती बदलली. मग मामांची खुर्ची खिडकीशी नेली. मग खिडकीची काच घासली. मला तेव्हा नुसता संताप यायचा, दुसरं काही सुचायचं नाही.

आणि तिकडे नमुने होत होते. मेक्सिकोचं कुठलं झाड, ब्राझीलचा कुठला वेल. पानं जरा निळसर. फुलं जरा जास्तच गडद. बायांना वाटायचं, परदेशी झाडं आहेत, असतील बाई तिकडं निळी. ती झाडं पाहिलेलं खोलीत कोणीच नव्हतं.

मग आलं सीताफळ. हो, सीताफळही मुळात बाहेरचंच, अमेरिकेकडून आलेलं. पत्रा आला तेव्हा बाया खूप हसल्या. मराठवाड्यातल्या बाईला सीताफळ परदेशी म्हणून दाखवायचं म्हणजे कमालच. मी मामांसाठी झाडाचा फोटो आणायला निघाले तर ते खवळले. "सीताफळाला फोटो? आमच्या बांधावर झाडं होती, सारं लहानपण त्यांच्याखाली गेलं. डोळे झाकून काढीन."

मी त्या आठवड्यात लेकीकडे परभणीला गेल्ते. परत आले, दार उघडलं, तर खोलीभर दोरीवर चित्रं वाळत टांगलेली, आणि सगळ्यांवर निळं सीताफळ. पानं निळी. फळावरचे डोळे निळे, जणू बुरशी चढलेली.

"छाया, हे काय आहे?"

"सीताफळ, ताई."

"निळं?"

"नमुना तसाच हाय."

"तू जन्मात सीताफळ पाहिलं नाहीस का?"

"आमच्या दारातच झाड हाय."

"मग? रंगवताना हात थांबला नाही तुझा?"

छायानं मामांच्या खुर्चीकडे पाहिलं. मामा जेवायला गेलेले. ती हळूच म्हणाली, "ताई, नमुन्याशी वाद न्हाई."

मी डोक्याला हात लावून बसले. दारात झाड असलेल्या बाया मान खाली घालून दिवसभर निळी पानं रंगवत बसल्या होत्या आणि एकीनं तोंड उघडलं नव्हतं! आधीचे नमुने काढून एकापुढे एक मांडले. जसजसे अलीकडचे येत होते तसतसा निळा चढत होता. माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मीच करवून आणलं होतं, तिलाही त्याआधी निळी साडी काळी दिसायची. दोन्ही गोष्टी डोक्यात जुळल्या. मामांचे डोळे गेले तर नमुना कोण करणार? आणि मामांनी नमुने केले नाहीत तर मामा तरी काय करणार? बायको नाही, मुलगा लांब, या माणसाला ब्रशाशिवाय दुसरं काही नाही.

शरदभाऊंना सांगितलं. ते म्हणाले, "अहो ताई, पण निळा माल चांगला उठतोय. हॉटेलवाले म्हणतात, काहीतरी हटके आहे." मी म्हटलं, "हटके नाही, भाऊ, मोतीबिंदू आहे." ते म्हणाले, "बघा मग तुमच्या पद्धतीनं." मालक लोकांचं हे एक बरं असतं, पद्धत आपली आणि हॉटेलवाले त्यांचे.

माझी पद्धत म्हणजे भांडण. "मामा, डोळे दाखवा."

"मला बराबर दिसून राह्यलं. तू तुझं पाह्य."

"सीताफळ निळं झालंय."

"तुझेच डोळे दाखव. परभणीच्या उन्हात फिरून आली."

असं आठवडाभर चाललं. हळूहळू कळलं की खरी गोष्ट वेगळी होती. त्यांच्या थोरल्या भावाचा डोळा फार वर्षांपूर्वी असल्याच ऑपरेशनात गेला होता. "दादा दोन डोळ्यांनी गेल्ता, एका डोळ्यानं आला," एवढंच ते म्हणाले आणि ब्रश धुवायला उठले. आता काळ बदलला, मशीन आली, पट्टीसुद्धा बांधत नाहीत, हे मी सांगून सांगून थकले. भिंतीला सांगितलं असतं तर तिनं एखादा पोपडा तरी टाकला असता.

मग मी परीक्षा घ्यायची ठरवलं. कोऱ्या कागदावर फिक्या पिवळ्याचा एक हात मारला आणि म्हटलं, "दाखवा कुठे आहे रंग." मामांनी कागदावरून सावकाश बोटं फिरवली आणि बरोबर जागेवर थांबले. "हा काय." मी चाट पडले. पुन्हा केलं, पुन्हा बरोबर. बाया टाळ्या वाजवायला लागल्या. माझं लक्ष त्यांच्या बोटाकडे गेलं. बोट ओलं होतं! लबाड म्हातारा ओल चाचपून सांगत होता.

त्या दिवशी मी घरी जायच्या आधी एका कागदावर पिवळ्या कण्हेरीची फांदी काढली. फक्त फुलं, फक्त फिक्या पिवळ्यात, रेघ न मारता. रात्रभर वाळू दिली. सकाळी जयभीम, राम राम झाल्यावर तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. बाया भोवती उभ्या.

"काय दिसतं, मामा?"

त्यांनी कागद जवळ घेतला, लांब धरला, खिडकीकडे वळवला. बोटं फिरवली. मग वैतागून माझ्याकडे पाहिलं. "कोरा कागद देऊन राह्यली. सकाळी सकाळी मस्करी करती का?"

मामांनी एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. छायाच्या डोळ्यांत पाणी आल्तं, ते त्यांना दिसलं की नाही कोण जाणे, पण खोलीतली शांतता त्यांना कळली.

"काय हाय त्याच्यावर?" त्यांनी विचारलं.

"कण्हेर," मी म्हटलं. "पिवळी."

"किती फुलं?"

"बरीच आहेत, मामा. कागद भरलाय."

त्यांनी कागदावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. माझाच मला राग आला, की ही काय परीक्षा घ्यायची पद्धत झाली. मग त्यांनी कागद उलटा ठेवला आणि चप्पल शोधायला लागले. "चल मंग. जल्दी चल. मन बदलायच्या आत."

ऑपरेशन झालं. आधी उजवा डोळा, डावा नंतर करू, असं डॉक्टर म्हणाले. मामा बाहेर आले ते रागातच. "एवढंच होतं तर आधी का न्हाई सांगितलं?" मी! मी नाही सांगितलं! हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मी त्यांना जे ऐकवलं ते ऐकून नर्स म्हणाली, "बाई, पेशंटला त्रास होईल." मी म्हटलं, "पेशंटचा त्रास मला होतोय."

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मामा काळा चष्मा लावून कामावर आले. दारातच थांबले. "भिंतीला पांढरा रंग कवा दिला?"

"दिला नाही. तीच भिंत आहे."

चष्मा वर करून ते खोलीभर फिरले. बायांच्या साड्या बघितल्या, वाटीतलं पाणी बघितलं, माझ्याकडे बघून "केस लयच पिकले गं तुझे" म्हणाले. मग सीताफळाच्या नमुन्यापुढे उभे राहिले.

"हे कोणी केलं?"

बाया खाली बघायला लागल्या. हे माझ्याच वाट्याला येणार हे मला माहीत होतं. "तुम्ही," मी म्हटलं.

त्यांनी आणखी नमुने मागितले. मी काढून दिले. सगळे टेबलावर मांडून झाले. मग ते बायांवरच उलटले. "तुम्हाला दिसत होतं ना? छाये, तुला दिसत होतं?"

"हो, मामा."

"मंग बोलली का न्हाई? तोंडात काय मीठ धरलं होतं?"

छाया रडायलाच लागली. रडत रडत म्हणाली, "तुम्हीच शिकवलं ना, नमुन्याशी वाद न्हाई."

मामा एकदम खाली बसले. त्या दिवशी त्यांनी पुढे काही काम केलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मात्र जुन्या नमुन्यांपैकी एकेक परत करायला घेतला. आणि काय हिरवा लागला म्हणून सांगू! पाकिटांच्या काळातला, मी नवी असताना पाहिलेला. मी तोंडावर काही बोलले नाही, आधीच डोक्यावर बसलेत. पण मला मनापासून आनंद झाला.

तेवढ्यात शरदभाऊ आले. नवीन सीताफळ पाहून त्यांचं तोंड उतरलं. हॉटेलवाल्यांनी निळ्याचीच पुढची ऑर्डर दिली होती. "मामा, ते निळंच चालू ठेवा ना."

"आता न्हाई जमत," मामा म्हणाले. "चूक हाय हे दिसून राह्यल्यावर हात कसा चालणार?"

शरदभाऊ हसत म्हणाले, "अहो, मग दुसरा डोळा आहे ना अजून तसाच!"

त्यांनी गमतीत म्हटलं असेल. माझ्या डोक्यात मात्र सणक गेली. मी मालकांना तोंडावर सांगितलं की माणसाचा डोळा म्हणजे तुमच्या गोडाऊनमधला माल नाही, आणि त्याच दुपारी हॉस्पिटलला फोन लावून डाव्या डोळ्याची तारीख घेतली.

"मामा, गुरुवारी जायचंय. सकाळी तयार राहा."

"न्हाई करायचा."

झालं! पुन्हा तेच. "का? शरदभाऊ म्हणाले म्हणून? त्यांच्या हॉटेलवाल्यांसाठी डोळा तसाच ठेवणार?"

"शरदभाऊला कोण विचारून राह्यलं?"

"मग भीती वाटते? पहिल्या वेळी काय झालं? मुंगीसुद्धा चावली नाही म्हणालात."

"भीती बी न्हाई."

"मग काय? एकदा सांगा तरी! माझं डोकं उठलंय तुमच्यापायी."

मामांनी निळ्या सीताफळाचा नमुना पुढे ओढला. डाव्या डोळ्यावर तळहात धरला. "ह्या नव्या डोळ्यानं पाह्यलं तर हे चुकलंय. बुरशी लागल्यागत." मग हात बदलला, नवा डोळा झाकला, आणि चित्राकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा निवळला.

"अन् ह्या डोळ्यानं बराबर हाय," ते म्हणाले. "बिलकुल आमच्या बांधावरचं. बाई, मी चुकीचं न्हाई केलं. मला जसं दिसलं तसं मन लावून केलं. आता ते बराबर पाहणारा हा एकच डोळा उरला. तो बी नवा केला, तर मंग हे कोणालाच बराबर न्हाई दिसायचं."

बोलायला माझ्याकडे पुष्कळ होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, मोतीबिंदू फार पिकू देऊ नका, पुढे ऑपरेशन अवघड होईल. तेवढं जरी म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण "पिकला तर माझ्याकडे रडत यायचं नाही," एवढंच म्हणाले आणि फोन करून तारीख पुढची घेतली. ती गेल्यावर तिच्या पुढची. आता हॉस्पिटलच्या बाईनं माझा आवाज ओळखायला सुरुवात केली आहे.

नवा नमुना झाला की जुना फाडून टाकायचा, ही आमच्या कामाची आणखी एक रीत. नाहीतर कोणीतरी चुकून तोच समोर लावतं. फाडायचं काम माझं आहे. मी अजून एकही फाडलेला नाही, सगळे खालच्या खणात आहेत. संध्याकाळी बाया गेल्या की मामा तो खण उघडतात, नवा डोळा तळहातानं झाकतात, आणि एकेक निळं झाड उजेडात धरून बघत बसतात. मी दारात कुलूप घेऊन उभी.

"मामा, जल्दी करा. घरी माझा स्वयंपाक पडलाय."

"थांब. दोनच राह्यलीत."

दोन कधीच नसतात. मी चरफडत थांबते.